हाताची परीक्षा

भुलीच्या अमलाखाली निद्रिस्त झालेल्या रुग्णास आपल्या देहावर चालणारी सुरी कोणाच्या हाती आहे, हे कळत नाही. आणि तो हात कितपत तयार झालेला आहे, हे तर शुद्धीवर असतानाही त्याला पारखता येत नाही. ती पारख आपल्या वतीने विद्यापीठाने केलेली आहे, या एकाच भरवशावर तो शस्त्रक्रियेच्या मेजावर पडतो. हा भरवसा कितपत साधार आहे, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

एम. एस. ही पदवी मिळविण्यासाठी आपल्याकडे तीन वर्षांचे निवासी शिक्षण, प्रबंध, लेखी उत्तरपत्रिका, रुग्णतपासणी आणि तोंडी परीक्षा एवढे टप्पे ओलांडावे लागतात. केलेल्या व पाहिलेल्या शस्त्रक्रियांची नोंदवहीही ठेवावी लागते. परंतु नोंदवही संख्या सांगते, गुणवत्ता नव्हे. शंभर वेळा सदोष टाका घालणाऱ्याचीही नोंद शंभरच भरते. राहता राहिला वरिष्ठांचा अभिप्राय. तो कितीही प्रामाणिक असला, तरी त्यात मर्जी आणि गैरमर्जी यांची सरमिसळ होणे मनुष्यस्वभावास धरूनच आहे.

सुश्रुतसंहितेच्या 'योग्यासूत्रीय' अध्यायात शिष्याने कोहळा, दुध्या, कलिंगड यांसारख्या फळांवर छेद घेण्याचा अभ्यास करावा, असे सांगितले आहे. आणि बहुश्रुत असूनही असा अभ्यास न केलेला शिष्य कर्मास अयोग्य ठरविला आहे. या ग्रंथाचा आपण अभिमान मिरवितो. त्यातील शिस्त मात्र आपल्या परीक्षापद्धतीत पुरती उतरलेली नाही.

ही शिस्त आजही मोजमापात बसविता येते. टोरांटो विद्यापीठातील रिचर्ड रेझनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली तशी पद्धत मांडली. उमेदवाराने एकामागून एक ठरावीक कामे परीक्षकासमक्ष करावयाची. आणि ऊती हळुवार हाताळल्या की नाही, हालचाली वाया गेल्या काय, साहाय्यकाचा उपयोग कसा केला, यांसारख्या कसोट्यांवर एक ते पाच गुण द्यावयाचे. हाताच्या सफाईचा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात वीस शल्यचिकित्सकांच्या लठ्ठपणावरील शस्त्रक्रियांच्या चित्रफिती, नावे झाकून, त्यांच्या समव्यवसायिकांकडून तपासविण्यात आल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, कौशल्यात तळाशी ठरलेल्या गटाच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा १४.५, तर अग्रगण्य गटाच्या रुग्णांत ५.२ आढळले.

शल्यविद्या म्हणजे निव्वळ हस्तकौशल्य नव्हे, सुरी केव्हा उचलू नये हे कळणे त्याहून मोठे, असा आक्षेप घेतला जाईल. तो आम्हांस मान्य आहे. परंतु विवेकाची थोरवी सांगून हाताची परीक्षा टाळता येणार नाही. प्राध्यापकांवर रुग्णसेवेचा भार मोठा आहे, हेही खरे. तरीही ही परीक्षा शेवटी एकदा न घेता दरवर्षी घ्यावी, परीक्षक बाहेरच्या संस्थेचे असावेत, चित्रफितीत केवळ हात दिसावेत, आणि जो उणा ठरेल त्यास अपमानित न करता अधिक सराव द्यावा, एवढे करणे आवाक्याबाहेरचे नाही. बकऱ्याच्या आतड्यावर टाके घालावयास शिकविण्यास फारसा खर्चही येत नाही.

आपले बहुतेक शल्यचिकित्सक सार्वजनिक रुग्णालयांत घडतात, आणि तेथे येतो तो मुख्यतः गरीब रुग्ण. नवशिक्याने पहिली अक्षरे गिरविण्याची पाटी म्हणजे त्याचा देह नव्हे, याची जाणीव विद्यापीठांनी आता तरी ठेवावी.