दंड कुणी भरायचा?

मराठीत पुरुषाच्या दंडाला लगेच क्रियापदं चिकटतात. दंड थोपटणे, दंड काढणे, दंडातली बेटकुळी उडवून दाखवणे. तालमीतल्या पोराचा दंड जितका भरलेला, तितकं त्याचं कौतुक. बाईच्या दंडाबद्दल आपण जे बोलतो ते मात्र एवढंच: लोंबतात, थुलथुलीत दिसतात, फोटोत जाड येतात. एकाच अवयवाबद्दलची ही दोन भाषा आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की आता त्यावर मशीन आलं तरी कुणाला काही खटकत नाही. दंडाच्या मागच्या बाजूला कप लावायचा, पाऊणएक तास चरबी गोठवायची आणि उठून ऑफिसला जायचं. कापाकापी नाही, भूल नाही, टाके नाहीत. लग्न ठरलेल्या मुलीला रील्समध्ये हे दिसतं, तिच्या आईला दिसतं, आणि जिचं लग्न ठरलेलं नाही तिला तर आधी दिसतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. फॅट फ्रीझिंग हा उपचार नाही, कारण इथे आजारच नाही. ती एक खरेदी आहे. खरेदी करायला माझी हरकत नाही. पण ती उपचाराच्या भाषेत, डॉक्टरच्या पांढऱ्या कोटाच्या आडून आणि अर्धीच माहिती देऊन विकली जाते, याला आहे. आणि त्याहून मोठी हरकत, ज्या न्यूनगंडावर हा धंदा चालतो तो आपण घरोघरी फुकट तयार करून देतो, याला आहे.

आधी मशीनबद्दल, कारण त्यामागचं विज्ञान खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. चरबीच्या पेशींना थंडी त्वचेपेक्षा जास्त बाधते, हे डॉक्टरांना जुनंच माहीत होतं. बर्फाची कांडी चोखणाऱ्या बाळाच्या गालातल्या चरबीला सूज आल्याची नोंद 1970 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली होती. पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डीटर मॅनस्टीन आणि रॉक्स अँडरसन यांनी या निरीक्षणावर काम केलं. डुकरांवर केलेले त्यांचे प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाले. त्यातून निघालेल्या तंत्राचं नाव क्रायोलिपोलिसिस. अमेरिकेच्या एफडीएने 2010 साली ते कमरेच्या बाजूंसाठी मान्य केलं. मग पोट, मांड्या, हनुवटीखालचा भाग आणि दंड असे एकेक अवयव यादीत येत गेले.

प्रत्यक्षात घडतं ते असं. त्वचेवर जेलचा ओला कपडा ठेवतात. कप दंडाची चरबी आत ओढून घेतो आणि गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली थंड होतो. पहिली काही मिनिटं झोंबतं, मग बधिर होतं. कप काढल्यावर दंडावर फ्रीजमधल्या लोण्यासारखा कडक गोळा उठलेला असतो. तो जोरात चोळतात, आणि अनेकींना तेच सगळ्यात जास्त दुखतं. गोठलेल्या पेशी पुढचे दोन-तीन महिने हळूहळू मरतात आणि शरीर त्यांची विल्हेवाट लावतं. काहींचा दंड कित्येक आठवडे बधिर राहतो, काळानिळा होतो, सुजतो. बहुतेकींचं हे आपोआप बरं होतं.

आता मिळतं काय ते बघू. कप लागलेल्या जागेतला चरबीचा थर साधारण 20 ते 25 टक्क्यांनी पातळ होतो, असं अभ्यास सांगतात. टक्केवारी ऐकायला भरघोस वाटते. पण थर दोन सेंटीमीटर जाडीचा असेल तर तो दीड सेंटीमीटरच्या आसपास येणार, म्हणजे फरक अर्ध्या सेंटीमीटरचा. तोही अख्ख्या दंडाचा नाही, कपाखाली आलेल्या भागापुरता. शिवाय चाळिशीनंतर किंवा वजन झपाट्याने उतरल्यावर जे लोंबतं त्यात बराच वाटा सैल पडलेल्या त्वचेचा असतो, आणि चरबी गोठवून त्वचा आवळली जात नाही. उरलेल्या पेशी तर जागेवरच असतात. वजन वाढलं की त्या फुगतात. 'कायमचा उपाय' हे शब्द मेलेल्या पेशींपुरते खरे असतील, दंडापुरते नाहीत.

हे सगळं क्लिनिकमध्ये विचारलं तर कुणीतरी सांगेलही. जे सहसा छापील फॉर्मच्या तिसऱ्या पानावर राहतं, ते पुढे आहे.

काही जणांच्या शरीरात हा प्रयोग उलटा होतो. गोठवलेल्या जागेची चरबी कमी होण्याऐवजी काही महिन्यांनी वाढू लागते, कडक होते, आणि अनेकदा चक्क कपाच्याच आकाराचा उंचवटा तयार होतो. याचं वैद्यकीय नाव पॅराडॉक्सिकल अ‍ॅडिपोज हायपरप्लेसिया. त्याची पहिली नोंद 2014 साली प्रसिद्ध झाली. व्यायामाने, डाएटने हा गोळा जात नाही. तो काढायला लायपोसक्शन लागतं, कधी एकाहून जास्त वेळा. म्हणजे शस्त्रक्रिया नको म्हणून गेलेली बाई ऑपरेशन टेबलवर पोहोचते.

एकेकाळची सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने सप्टेंबर 2021 मध्ये इन्स्टाग्रामवर लिहिलं की या उपचारानंतर आपलं शरीर विद्रूप झालं आणि आपण लोकांसमोर येणं टाळू लागलो. तिने कूलस्कल्प्टिंगच्या निर्मात्या कंपनीवर 5 कोटी डॉलर्सचा दावा लावला, आणि 2022 साली तो तडजोडीने मिटला. जिच्या चेहऱ्याकडे आणि बांध्याकडे बघून जगभरच्या पोरींनी स्वतःला नावं ठेवली, तिलाही तिचं शरीर पुरेसं वाटलं नाही. इथे थोडं थांबून विचार करायला हवा.

'अहो, हे लाखात एखादीला होतं,' असं उत्तर तयार असतं. ते तपासून बघू. 2014 साली धरलेलं प्रमाण साधारण 20 हजार सायकलींमागे एक असं होतं. पुढे कंपनीनेच दिलेला आकडा 3 हजार सायकलींमागे एक इतका वर आला. इथे 'सायकल' हा शब्द नीट वाचा. सायकल म्हणजे माणूस नव्हे, एकदा कप लावणं. दोन दंडांच्या दोन सायकली होतात. 'चांगल्या रिझल्टसाठी दोन सिटिंग घ्या' म्हटलं की चार. ढोबळ हिशेबाने धोका साडेसातशेत एकावर येतो. हाही धोका फार मोठा नाही, हे मान्य. आजार असता तर मी याच्या दहापट धोका पत्करा म्हटलं असतं. पण समोर फायदा आहे तो अर्ध्या सेंटीमीटरचा. आणि हा हिशेब करायला तिसरीचा गुणाकार-भागाकार पुरतो. तो पेशंटला करून न दाखवण्यामागे अज्ञान असेल यावर माझा विश्वास नाही.

वर हे सगळं अस्सल मशीन, प्रशिक्षित हात आणि योग्य जेल पॅड धरून झालं. स्वस्तातलं नकली मशीन आणि निकृष्ट पॅड असेल तर थंडीने त्वचा जळते. काही जणांच्या रक्तात थंडीने गोठणारी प्रथिनं असतात, त्याला क्रायोग्लोब्युलिनीमिया म्हणतात. त्यांनी या कपाच्या जवळही जाऊ नये. तुमची हिस्ट्री न विचारता पॅकेजचा रेट सांगणारी ताई रिसेप्शनवर बसलेली असेल, तर तुम्ही दवाखान्यात नाही, दुकानात आहात.

आता आरोग्याच्या युक्तिवादाकडे येऊ. 'चरबी कमी होणं चांगलंच की,' असं म्हणतात. कुठली चरबी? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यूडकिन या दोघांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचाही बीएमआय 22.3, पण यूडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. दिसायला बारीक असलेल्या भारतीयाच्या अंगातही मधुमेहाकडे नेणारी चरबी लपलेली असते, हा त्याचा अर्थ. जास्त धोका पोटाच्या आत, यकृताभोवती साठणाऱ्या चरबीचा असतो. फॅट फ्रीझिंगचा कप तिथे पोहोचतच नाही. दंडाची कातडीखालची चरबी गोठवून तुमची शुगर उतरणार नाही. आरोग्य विम्याच्या पॉलिसीतही केवळ रूप बदलण्यासाठीचे उपचार वगळलेले असतात. विमा कंपनीला जे कळतं ते आपल्याला 'वेलनेस' या शब्दाने विसरायला लावलं जातं.

दंड मोजण्याची याच राज्यात आणखी एक पद्धत आहे. अंगणवाडीत पाच वर्षांखालच्या मुलांचा दंडघेर एका रंगीत पट्टीने मोजतात. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला की पट्टी लाल, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. मेळघाटात, नंदुरबारमध्ये ही लाल पट्टी आजही दिसते. म्हणून शहरातल्या मुलीने अपराधी वाटून घ्यावं असं मी म्हणत नाही. कुणी उपाशी आहे म्हणून दुसऱ्याने आपली हौस मारावी, हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. मुद्दा मोजण्याचा आहे. अंगणवाडी सेविकेच्या पट्टीला अर्थ आहे, कारण त्या आकड्याखाली मूल दगावू शकतं. क्लिनिकमधल्या टेपला असा कुठलाच आकडा नाही. बाईचा दंड किती सेंटीमीटरच्या वर गेला की तो 'प्रॉब्लेम एरिया' होतो? कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात हे नाही. तो आकडा तुमच्या मनात असतो, आणि तिथे तो कुणीतरी ठेवलेला असतो.

इथे सगळ्यात मजबूत आक्षेप येतो. 'माझं शरीर, माझे पैसे, माझा निर्णय. तुम्ही केस रंगवता, भुवया कोरता, दातांना तारा लावता, मग दंडाचंच काय?' हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. सज्ञान बाईने स्वतःच्या दंडाचं काय करावं हे तिनेच ठरवावं, आणि केलं म्हणून तिला उथळ म्हणणारे तर मला क्लिनिकवाल्यांपेक्षाही नकोसे वाटतात. त्यातले निम्मे आधी तिच्या दंडांना हसलेले असतात. पण निर्णय मोकळा असायचा तर 'काहीच न करणं' हाही खरा पर्याय असावा लागतो. हळदीच्या फोटोंवर मावशीची कमेंट, 'हिला स्लीव्हलेस कुणी घालायला सांगितलं', साखरपुड्यात फोटोग्राफरचं 'मॅडम, हात कमरेवर', बुटिकमध्ये 'तुमच्या हातांना कोपरापर्यंत बाह्या बऱ्या दिसतील', आणि मग फोनवर ईएमआयची जाहिरात. या रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या मुलीने हो म्हटलं, तर त्या होकारात तिच्याखेरीज इतरांचाही वाटा असतो. रंगवलेले केस आवडले नाहीत तर वाढू देता येतात. कपाच्या आकाराचा गोळा वाढू देऊन चालत नाही.

फोटोचंही एक साधं सत्य आहे. दंड अंगाला चिकटवून उभं राहिलं की तो दाबला जाऊन पसरतो, जगातल्या प्रत्येक माणसाचा. फोनची वाइड लेन्स फ्रेमच्या कडेचं सगळं ताणून रुंद करते, म्हणून ग्रुप फोटोत टोकाला उभी असलेली मैत्रीण जाड येते. 'बिफोर' आणि 'आफ्टर'मध्ये हाताचा कोन आणि प्रकाश बदलला तर अर्धा सेंटीमीटर कपाशिवायही मिळतो. ज्या भिंगाने दोष दाखवला त्याच्यासाठी अवयव गोठवायचा, हा उलटा न्याय झाला.

शिवणकामात एक सुंदर शब्द आहे, माया. ब्लाउज शिवताना शिलाईच्या आत थोडं कापड राखून ठेवतात. अंग भरलं, बाळंतपण झालं, वय वाढलं की शिलाई उसवून ब्लाउज सैल करायचा. त्यात गृहीत असं होतं की शरीर बदलणार आणि कापडाने त्याला सामावून घ्यायचं. रेडिमेड साइझच्या जमान्यात कापडातली माया गेली, आणि आता उसवायची पाळी शरीरावर आली आहे. वाकी दंडात रुतेल इतके भरलेले दंड ही आपल्याच जुन्या फोटोंमधली खाणाखुणा आहे. त्या आज्यांना कुणी 'प्रॉब्लेम एरिया' म्हटलं असतं तर त्यांनी त्याला जात्यावर बसवलं असतं.

ज्यांना तरीही जायचं आहे त्यांनी जावं, पण चार प्रश्न लिहून न्यावेत. कप लावणाऱ्या व्यक्तीची पात्रता काय, आणि डॉक्टरचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक कुठला? मशीन कुठल्या कंपनीचं? माझ्या एकूण सायकली किती आणि त्या हिशेबाने उलटा परिणाम होण्याची शक्यता किती? आणि तो झालाच तर लायपोसक्शनचा खर्च कोण करणार, हे लेखी देणार का? चौथ्या प्रश्नाला समोरचा माणूस हसला, तर पर्स उचलून बाहेर या.

ज्यांना जायचं नाही, त्यांच्यासाठी माझ्याकडे 'स्वतःवर प्रेम करा' छापाचा उपदेश नाही. रोज आरशासमोर प्रेम करण्याची सक्ती हीसुद्धा एक कटकटच आहे. दंड आवडले नाहीत तरी चालतं. त्यांनी बस पकडायची असते, बादली उचलायची असते, पोर कडेवर घ्यायचं असतं. आणि पुढच्या लग्नात कुणाच्या तरी स्लीव्हलेसबद्दल ओठांवर आलेलं वाक्य गिळायचं असतं. या धंद्याचं सगळ्यात मोठं नुकसान आपण तेवढ्यानेच करू शकतो.