दर पानामागे

आमच्या महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल आधी इंग्रजीत लिहिला जातो आणि मग त्याचे मराठी भाषांतर होते. हा क्रम उलटा असायला हवा, हे आम्हां मराठीच्या अध्यापकांना मान्यच आहे. पण तो वेगळा विषय. भाषांतराचे हे काम अनेक वर्षे आमच्या विभागातून एम.ए. झालेल्या कुणा विद्यार्थ्याकडे जात असे. दर पानामागे थोडे पैसे मिळत. २०२४ साली आम्ही ते यंत्राकडे दिले. चाळीस पाने काही मिनिटांत मराठीत आली, दोन संध्याकाळी बसून आम्ही ती हातावेगळी केली आणि पैसे वाचवल्याबद्दल कार्यालयाने आमचे कौतुकही केले. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रोजगार यांविषयी जे लिहायचे ते या कबुलीपासूनच सुरू करणे आम्हांला भाग आहे.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये असा अंदाज मांडला की जगातील सुमारे ४० टक्के आणि प्रगत देशांतील सुमारे ६० टक्के नोकऱ्यांवर या तंत्राचा परिणाम संभवतो. परिणाम म्हणजे गच्छंतीच असे नव्हे, हेही त्यात होते. आकडा मोठा, म्हणून बातमी झाली. एखाद्या कंपनीने हजारो माणसे कमी केली की तिचीही होते. परंतु ज्याला कधी नियुक्तिपत्रच मिळाले नव्हते त्याचे काम गेले, तर ते कोणत्या रकान्यात भरायचे? मुद्रितशोधन, भाषांतर, मार्गदर्शिका, चित्रपटांची उपशीर्षके, जाहिरातींचे मराठीकरण. मराठीच्या पदवीधराला दोन पैसे मिळवून देणारी कामे बहुतेक अशीच असतात. फोन यायचे थांबतात, इतकेच.

यंत्रे यापूर्वी आली नव्हती असे नाही. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत, विद्यार्थिदशेत, आम्ही एका छापखान्यात प्रुफे तपासायला जात होतो. तिथले मुख्य मुद्रितशोधक मूळचे जुळारी. उमेदीची वर्षे त्यांनी शिशाचे खिळे जुळवण्यात घालवली होती. कोणत्या खणात कोणता खिळा, हे बोटांना पाठ. जुळवलेला मजकूर उलटा असतो, तो ते सुलट्यासारखा वाचत. डीटीपी आले, खिळे वितळवायला गेले आणि त्यांच्या सोबतीचे बरेचजण गावी परतले किंवा कुठे पहारेकरी झाले. हे टिकले ते बोटांमुळे नव्हे, डोळ्यांमुळे. एकेक अक्षर उचलून हजारो पाने जुळवल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ त्यांना नियमाने नव्हे, नजरेने कळत असे. त्यांनी आम्हांला पहिल्याच दिवशी बजावले की वाक्य अर्थाच्या ओढीने वाचायचे नाही. अर्थ लागला की डोळा चुका ओलांडून पुढे जातो. एम.ए.च्या दोन वर्षांत हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते.

त्या वेळच्या यंत्राने हाताचे काम घेतले, वाचण्याचे माणसाकडे ठेवले. आताचे यंत्र वाचते, निदान वाचल्यासारखे करते. त्याच्या मराठीला हसण्याचे दिवसही सरले. लिंग, वचन, विभक्ती बहुधा जागच्या जागी असतात. खटकते ते दुसरेच. साध्या 'केले'ऐवजी 'करण्यात आले' येते (ही खोड सरकारी मराठीकडून आली असणार), प्रत्येक गोष्ट कशाच्या ना कशाच्या 'माध्यमातून' होते, आणि कुणी मराठी माणूस तसे कधी बोलणार नाही. हे खटकायला कान लागतो. तो आमच्याकडे आहे, कारण विशीत आम्ही दर पानामागे चार पैसे घेऊन चुका करत होतो आणि कुणीतरी त्या लाल शाईने दाखवत होते. 'यंत्र भाषांतर करील, माणूस तपासील' असे आज जो तो म्हणतो. हा तपासणारा माणूस घडतो कुठे, याविषयी कुणी बोलत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा विभागात पेढे वाटले गेले. अहवाल यंत्राकडे गेला तोही त्याच वर्षी.

ही भीती जुनी आहे आणि दर वेळी खोटी ठरली आहे, असे अर्थशास्त्र शिकवणारे आमचे सहकारी म्हणतात. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाला कडवा विरोध केला आणि पुढे त्याच संगणकावर पुण्या-मुंबईतील कितीतरी घरे उभी राहिली, हे खरे. पण त्या काळाची दुसरी बाजू ते सोयीने विसरतात. स्वयंचलनाच्या प्रश्नावर तेव्हा केंद्र सरकारने समिती नेमली होती; तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर होते आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. १९८३ साली बँकांतील यंत्रांविषयी कर्मचारी संघटना आणि बँका यांच्यात रीतसर करार झाला. म्हणजे यंत्र कुठे आणि किती, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसे बसून ठरले. वाचलेला पैसा कुणाच्या खिशात जातो, असे विचारणारे कुणीतरी समोर होते. मुद्रितशोधकाची कसली संघटना! यंत्र मराठी शिकले तेही आंतरजालावर पडलेल्या, अशाच लोकांच्या हाताखालून गेलेल्या मजकुरावर; त्याचा मोबदला त्यांना कुणी विचारला नाही. आमच्या कार्यालयात पैसे वाचले तेव्हा समोरच्या खुर्चीत त्या विद्यार्थ्यांपैकी कुणी नव्हते. आम्ही होतो, आणि आम्ही पगारदार.

यंदा अहवालाचे काम पुन्हा माणसाकडे द्यायचे ठरले. कार्यालयाला पटवण्यात दोन बैठका गेल्या. तिसरी आमच्यातल्याच वादात गेली, कारण आमच्यातल्या एकाचे म्हणणे असे की ही दया झाली, रोजगार नव्हे. त्यावर अजून एकमत नाही. गतवर्षी एम.ए. झालेल्या एका विद्यार्थिनीला विचारले. ती म्हणाली, "सर, मूळ इंग्रजी देणार की यंत्राचं तपासायला? तपासायचा दर निम्मा असतो, म्हणून विचारलं." असे दोन दर पडले आहेत, हे आम्हांला तिच्याकडून कळले. मूळ इंग्रजी दिले. सहाव्या दिवशी तिने चाळीस पाने आणून दिली. लाल शाई घेऊन आम्ही ती वाचतो आहोत. 'करण्यात आले' आतापर्यंत अकरा ठिकाणी सापडले आहे. त्यांतली तिची किती आणि यंत्राची किती, हे अजून विचारलेले नाही. शनिवारी तिला बोलावले आहे.