विश्लेषण : पीयूसीसाठी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला, पण धुराचे काय?

‘एमएच-०८’ क्रमांकाची दहा-बारा वर्षे जुनी मोटारसायकल पीयूसी चाचणीत अडकली, की रत्नागिरीत बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो : ‘जरा पेट्रोल कमी करून आणा.’ जवळच्या गॅरेजात कार्बोरेटरचा एक बारीक स्क्रू अर्धा-पाऊण फेरा फिरतो आणि गाडी पास होते. चार दिवसांनी सकाळी किक मारून पाय दुखू लागले, गर्दीत गाडी बंद पडू लागली, की तोच स्क्रू पुन्हा जागेवर येतो. प्रमाणपत्र मात्र खिशात असते. ताप मोजण्याआधी थर्मामीटर झटकावा, तसा हा प्रकार आहे. यात कायद्याची फसवणूक होतेच, पण पहिला फटका गाडीच्या मालकाला बसतो.

चाचणीत नेमके काय मोजतात?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार पेट्रोल दुचाकीची चाचणी इंजिन गरम असताना, पण गाडी उभी ठेवून, म्हणजे ‘आयडलिंग’वर होते. सायलेन्सरमध्ये नळी घालून धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजले जातात. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या फोर-स्ट्रोक दुचाकींसाठी (बीएस-६ पूर्वीच्या) मर्यादा अनुक्रमे ३.५ टक्के आणि ४,५०० पीपीएम आहे. त्याआधीच्या गाड्यांना ४.५ टक्के आणि ९,००० पीपीएमपर्यंत सूट आहे. बीएस-४ पूर्वीच्या गाड्यांचे प्रमाणपत्र सहा महिने चालते, बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचे वर्षभर. प्रमाणपत्र नसल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) नुसार १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाऊ शकते.

यातली ३.५ टक्के ही मर्यादा बरीच सैल आहे. देखभाल नीट असलेली फोर-स्ट्रोक गाडी कोणतीही युक्ती न करता त्यात बसते. जी बसत नाही, तिच्यात बहुधा काही बिघाड असतो.

हा स्क्रू करतो काय?

कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचे दोन मुख्य मार्ग असतात. गाडी उभी असताना किंवा थ्रॉटल जेमतेम उघडलेला असताना छोट्या पायलट जेटमधून पेट्रोल येते. वेग घेतला की निडल आणि मेन जेट काम करू लागतात. फिरवला जाणारा स्क्रू फक्त पहिल्या मार्गावरचा असतो. म्हणजे चाचणी गाडीच्या सर्वात निवांत अवस्थेची होते आणि स्क्रूही तेवढीच अवस्था बदलतो. निडल झिजलेली असेल, तर तीच गाडी पास झाल्यावर निवळीचा किंवा आंबा घाट चढताना जास्त पेट्रोल ओतत, काळा धूर सोडत जाऊ शकते. तिथे नळी लावायला कोणी नसते.

आणखी एक गोंधळ नेहमीचा. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा असतो. सैल केला की हवा वाढते. इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा असतो. सैल केला की पेट्रोल वाढते. मोबाइलवर दुसऱ्याच गाडीचा व्हिडीओ पाहून फिरवलेला स्क्रू म्हणूनच अनेकदा उलटा परिणाम करतो.

मग गाडी नापास का होते?

रत्नागिरीत याची कारणे हवामानातच आहेत. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, बाराही महिने समुद्राचे दमट वारे, आणि उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ. त्यात मुंबई-गोवा महामार्गाच्या वर्षानुवर्षे रखडलेल्या कामाची भर. धुळीने किंवा ओलीने एअर फिल्टर कोंदला, की इंजिनला हवा कमी मिळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. गंजामुळे चोक पूर्ण परत जात नसेल, तरीही तेच होते. फ्लोटची सुई नीट बसत नसेल, तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल गरजेपेक्षा वर चढते.

खाऱ्या हवेचा एक उलटा खेळही आहे. सायलेन्सर गंजून त्याला भोक पडले, की बाहेरची हवा धुरात मिसळते आणि आकडा खोटाच कमी येतो. अशी गाडी पास होते, पण निरोगी नसते.

यंत्रावरचे दोन आकडे एकत्र वाचले, तर रोगाचे निदान होते. कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. कार्बन मोनॉक्साइड कमी, पण हायड्रोकार्बन जास्त असेल, तर ठिणगी चुकते आहे : प्लग खराब, टॅपेट बिघडलेले किंवा मिश्रण फारच पातळ. म्हणूनच ‘पेट्रोल कमी’ करण्याच्या नादात स्क्रू प्रमाणाबाहेर फिरवला, तर एक आकडा उतरतो आणि दुसरा चढतो.

पेट्रोल कमी केल्याचा तोटा कोणाला?

मिश्रण पातळ झाले, की थंड इंजिन लवकर सुरू होत नाही, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो, गाडी हळू चालवताना अडखळते. मग चालक चोक ओढून गाडी चालवतो किंवा आयडलिंग वाढवून ठेवतो आणि वाचवलेले पेट्रोल दुप्पट जाते.

त्यात आता इंधनही बदलले आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा पुरते, तर ई-२० ला साधारण १३.५. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक सांभाळू शकतो. कार्बोरेटरला तो कळत नाही. त्यामुळे जुन्या गाडीतले मिश्रण आपोआपच थोडे पातळ झाले आहे. पूर्वीच्याच सवयीने त्यात आणखी पेट्रोल कमी करणे म्हणजे उपाशी माणसाला उपास सांगणे. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. कोकणातल्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये तळाशी पाणी साचण्याचा धोका त्यामुळे वाढतो.

योग्य क्रम कोणता?

स्क्रू सर्वात शेवटी. आधी एअर फिल्टर साफ करावा किंवा बदलावा, प्लग पाहावा, टॅपेट तपासावे, चोक मोकळा करावा, फ्लोटच्या वाटीतले पाणी-गाळ काढावे, सायलेन्सरची भोके बुजवावीत. प्लग काजळीसारखा काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. फिकट तपकिरी रंग बरोबर. मग दहा मिनिटे गाडी चालवून इंजिन गरम करावे. स्क्रू हलक्या हाताने बंद करून, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले फेरे मागे घ्यावेत आणि इंजिन जिथे सर्वात जोमाने व एकसारखे चालते ती जागा शोधावी. त्यानंतर आयडलिंग पुस्तिकेतल्या आकड्यावर आणावे. १००-१२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांत ते मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आसपास असते. शेवटची खात्री यंत्रावर करावी आणि स्क्रू तिथेच सोडावा. चाचणीसाठी एक जागा आणि रस्त्यासाठी दुसरी, असे करावे लागत असेल, तर गाडी दुरुस्त झालेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

दोष फक्त मेकॅनिकचा का?

नाही. दुचाकीच्या पीयूसीचे शुल्क महाराष्ट्रात २०२२ मध्ये ३५ वरून ५० रुपये झाले. एवढ्या पैशात केंद्राने यंत्राची निगा राखावी, गाडी गरम होईपर्यंत थांबावे आणि आकडे समजावूनही सांगावेत, ही अपेक्षा अवघड आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने देशभर एकसारखे प्रमाणपत्र आणताना नापास गाडीसाठी स्वतंत्र नकारपत्रही आणले. हा कागद खरे तर डॉक्टरच्या रिपोर्टइतका मोलाचा. तो हातात असेल, तर मेकॅनिकला कुठून सुरुवात करायची ते कळते. पण ‘सेट करून आणा’ असे तोंडी सांगून काम भागते, तेव्हा तो कागद निघतच नाही आणि गाडी कधी नापास झाली होती याची नोंदही राहत नाही.

पीयूसी नसलेल्या गाड्यांना इंधन देऊ नये, असा विचार राज्यात २०२५ मध्ये पुढे आला. कडकपणा हवाच, पण चाचणीच स्क्रूवर फिरत असेल, तर कडकपणाने फक्त स्क्रू फिरवणाऱ्यांची गर्दी वाढेल. त्याचा भार पडेल तो मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटे पोहोचणाऱ्या, आंब्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या माणसांवर. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकी फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. कार्बोरेटरच्या गाड्या उरल्या आहेत त्या ज्यांना नवी घेणे परवडत नाही त्यांच्याकडे.

म्हणून दंडाच्या आधी दोन साध्या गोष्टी व्हायला हव्यात. प्रत्येक नापास गाडीला आकड्यांसह नकारपत्र सक्तीने मिळावे. आणि उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाने पावसाळ्यानंतर, आयटीआयच्या मोटार मेकॅनिक विभागाला सोबत घेऊन, जुन्या दुचाकींसाठी तपासणी-दुरुस्तीची शिबिरे घ्यावीत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. एसटी स्थानकासमोरच्या कोंडीत तो सर्वात आधी पोहोचतो दुचाकीवरच्याच माणसाच्या नाकात, आणि पुढे टाकीवर बसवलेल्या त्याच्या पोराच्याही. खिशातले प्रमाणपत्र तिथे उपयोगाचे नसते.