पळसपापडी द्या, पण लेंडी तपासून

पाऊस लागला की शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात जंत बळावतात. ओल्या, कोवळ्या गवतावर जंतांची पिले चढतात आणि चरताना पोटात जातात. त्यांतला रक्त पिणारा गोल जंत सर्वांत घातक. डोळ्याची आतली पापणी पांढरी पडली, जबड्याखाली सूज लोंबू लागली, की जनावर आतून पोखरले गेले म्हणून समजा.

पळसपापडी, वावडिंग देण्याची आपली जुनी रीत थोतांड नव्हे. मेंढ्यांवरील प्रयोगांत पळसाच्या बियांच्या पुडीने लेंडीतील अंडी घटल्याचे दिसले आहे. घटली म्हणजे संपली, असे मात्र नव्हे. शिवाय मूठभर पूड अंदाजाने देणे बरे नाही, आणि गाभण शेळीला तर पळसपापडी देऊच नये.

दुकानातल्या औषधाचेही तेच. वर्षानुवर्षे एकच औषध, तेही कमी मात्रेत पाजले की जंत त्याला दाद देत नाहीत. यकृतातल्या चपट्या जंताला तर औषधच वेगळे लागते. तेव्हा आधी लेंडी तपासा, वजनाप्रमाणे मात्रा ठरवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. सूज आलेले, मान टाकलेले जनावर घरगुती उपायावर ठेवू नका. थेट दवाखाना गाठा.

सरपंच-ग्रामसेवकांनीही मनावर घ्यावे. पावसाळ्याच्या तोंडी दवंडी देऊन गावातले नमुने एकाच दिवशी गोळा करावेत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात पोचवावेत. याला मोठा निधी लागत नाही. शेळी ही गरिबाची गाय. भूमिहीनाच्या दावणीची एक शेळी गेली, तर त्याची अडीनडीची पुंजीच जाते.