तीन तासांची हांजी हांजी

मालगाडी लांब असते. म्हणून तिला कोणी खोल म्हणतं का? पण मुलाखत तीन तासांवर गेली की ती आपोआप ‘सखोल संवाद’ ठरते, असा आता शिरस्ताच पडला आहे. दोन गुबगुबीत खुर्च्या, तोंडापुढे भलेथोरले माइक, मागे जांभळा उजेड. पाहुणे बदलतात, यजमान तोच. सोमवारी कृत्रिम बुद्धिमत्ता, बुधवारी शिवकाल, शुक्रवारी कृष्णविवरं, रविवारी क्रिकेट. चारही विषयांवर त्याचं भाष्य एकच: “सर, अंगावर काटा आला!” काटा आला, छान झालं. प्रश्न कधी येणार?

माझं भांडण लांबीशी नाही. मी छत्तीसगडमधल्या भिलाईत राहते. रात्र रात्र ऐकत बसायची सवय या मुलखाला पॉडकास्टवाल्यांनी लावलेली नाही. तीजनबाई इथल्याच, जवळच्या गनियारी गावच्या. भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी करता करता त्यांनी पंडवानी, म्हणजे गाऊन सांगितलेलं महाभारत, देशोदेशी नेली, 2019 साली पद्मविभूषण मिळवलं. हातातला तंबुरा त्या उगारत आणि तो भीमाची गदा होई, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ज्यांनी पंडवानी समोर बसून ऐकली आहे, त्यांनी रागीकडेही पाहिलं असेल. रागी म्हणजे साथीदार. तो हुंकार भरतो, मध्येच तोंड घालतो, ‘मग काय झालं?’ म्हणून पिच्छा पुरवतो, शंका काढतो, टोमणाही मारतो. त्याला अख्खी कथा येत असते, म्हणून कुठे अडवायचं ते कळतं. महाभारत न येणारा रागी कोणी तीजनबाईंच्या शेजारी बसवील का? आणि इथे कृष्णविवर म्हणजे काय, हे कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा ऐकणारा गृहस्थ कृष्णविवरांवर तीन तासांचा संवाद ‘घडवतो’!

पहिला प्रश्न कोणीही विचारतो. तो पाहुण्याच्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापलेलाच असतो. खरी परीक्षा दुसऱ्या प्रश्नाची. तो उत्तर ऐकल्याशिवाय सुचत नाही आणि वाचून आल्याशिवाय विचारता येत नाही. या तीन तासांत सगळं असतं: पाहुण्याचं बालपण, पहाटे उठण्याचे फायदे, तरुणांना संदेश. दुसरा प्रश्न तेवढा नसतो.

उदाहरण हवं? शिवकर बापूजी तळपदे घ्या. 1895 साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, ही कथा ‘इतिहासतज्ज्ञ’ मंडळी डोळे मोठे करून सांगतात. यजमान मान डोलावतो. अरे, विचार की! त्या वेळचा छापील वृत्तान्त कुठे आहे? कोणत्या अंकात, कोणत्या तारखेला? ज्या ‘वैमानिक शास्त्रा’च्या जोरावर हा डोलारा उभा आहे, तो ग्रंथ बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी 1974 साली तपासला. तो 1904 च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेली यंत्रं उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. पन्नास वर्षं झाली. त्यांचा लेख वाचायला अर्धा दिवसही लागणार नाही. तरी 2015 च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आणि आजही कुठल्या तरी स्टुडिओत ते विमान उडतंच आहे. वरून मखलाशी अशी, की आम्ही फक्त ऐकतो, निवाडा प्रेक्षकांनी करावा. मग तुम्ही खुर्चीत कशाला बसता? रिकाम्या खुर्चीलाही तेवढं ऐकता येतं.

प्रश्नाची किंमत काय असते, हे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी मराठी माणसाला दाखवून दिलं होतं. मुलं सही मागायला आली की ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तर येईल, त्याखाली सही असेल. आधी प्रश्न, मग सही! 2008 साली त्यांनी आणि नरेंद्र दाभोलकरांसारख्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि सांगितलं, ओळखा कोणती कुणाची. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी याहून बरं जमलं असतं. तज्ज्ञाची तपासणी म्हणतात ती ही. आणि ज्यांनी ती केली ते नारळीकर स्वतः आयुष्यभर महास्फोटाच्या सिद्धांताला उलटे प्रश्न विचारत राहिले, बहुसंख्य सहकाऱ्यांचा विरोध झेलत राहिले. त्यांच्या मताशी कोणी सहमत असो वा नसो, आपल्या म्हणण्यावर कोणीही हल्ला करावा याची त्यांची तयारी होती. जांभळ्या उजेडातल्या विद्वानांपैकी कितीजणांची आहे?

क्रीडा विभागात हाच प्रकार. क्रिकेटपटू राजेश चौहान भिलाईकर. त्यांचं नाव निघालं की सगळे कराचीला धावतात: 30 सप्टेंबर 1997, पाकिस्तानविरुद्ध शेवटचं षटक, सकलेन मुश्ताकला षटकार. झाला षटकार! आम्हीही नाचलो होतो. पण तो माणूस ऑफस्पिनर होता, कुंबळे-राजू-चौहान या त्रिकुटाने 1993 साली इंग्लंडला भारतात 3-0 अशी धूळ चारली होती. त्याच्या गोलंदाजीच्या शैलीवर पुढे शंका घेतली गेली. कोपरावर संशय घेतला जात असताना धावत यायचं, चेंडू सोडायचा, हे काय असतं? पकड बदलली का? त्यावर तास दोन तास ऐकायला मी एका पायावर तयार आहे. षटकार मी पाहिलेला आहे.

आता तंत्रज्ञान. इथे माझं डोकं खरंच तापतं, कारण ज्यांना तंत्रज्ञान कळतं ती माणसं माझ्या अवतीभवती भाजी घेत फिरतात. ‘भारताची औद्योगिक झेप’ यावर तीन तास बोलायला मात्र असा कोणी येतो, ज्याने वितळलेलं पोलाद फक्त चित्रफितीत पाहिलं आहे. भिलाईत एकसंध 130 मीटरचा रूळ लाटतात, ते जोडून 260 मीटरचे करतात, हे तो आकड्यासारखं फेकतो आणि पुढे जातो. थांब ना! त्या रुळातल्या हायड्रोजनचं काय, ते सांग.

पावसाळ्यात पोलादात टाकायचा चुना सर्दावतो, मिश्रधातू सर्दावतात, लॅडलचं, म्हणजे पोलाद धरणाऱ्या भांड्याचं, अस्तर पुरतं तापलेलं नसतं. त्या ओलाव्यातून हायड्रोजन वितळलेल्या पोलादात शिरतो. पोलाद निवू लागलं की त्याला आत मावायला जागा उरत नाही. तो बारीक पोकळ्यांत साठतो, दाब वाढवतो, आतल्या आत केसासारख्या चिरा पाडतो. वरून रूळ आरशासारखा. वर्षानुवर्षं चाकं जातात आणि एखाद्या थंडीच्या पहाटे, गारठ्याने रूळ ताणलेला असताना, तो तुटू शकतो. म्हणून पोलाद निर्वातात धरून वायू ओढून काढायचा आणि हायड्रोजन दहा लाख भागांत दोन भागांच्याही खाली आणायचा. मग ध्वनिलहरींनी रुळाचं पोट तपासायचं. या कामात ढिलाई खपत नाही. 26 नोव्हेंबर 1998 च्या पहाटे पंजाबात खन्नाजवळ रूळ तुटला, एक गाडी घसरली, तिच्यावर दुसरी आदळली आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. तो रूळ कशाने तुटला, हा वेगळा आणि मोठा विषय. पण रूळ तुटला की काय होतं, हे तेव्हा देशाने पाहिलं.

हे काम ज्यांनी जन्मभर केलं, ते निवृत्त होऊन इथल्या रिसाली, हुडको या वस्त्यांत राहतात. त्यांची चूक यंत्राने पकडलेली आहे, वरिष्ठाने पकडलेली आहे, रेल्वेच्या तपासनिसाने माल परत पाठवून पकडलेली आहे. ज्याची चूक कधी पकडलीच जाऊ शकत नाही त्याला मी तज्ज्ञ म्हणणार नाही, मग त्याचे अनुयायी लाखांत असोत की कोटींत. पण अशा निवृत्त फोरमनला बोलावणार कोण? तो इंग्रजी फेकत नाही. त्याचं पुस्तक नाही. ‘सामान्य श्रोत्याला एवढं खोलात कळत नाही हो,’ असं यजमान म्हणतो. कोणता सामान्य श्रोता? ज्या गावाने भट्टी चालवली त्या गावातला? आणि श्रोत्याचं लक्ष टिकत नाही असं म्हणणाराच तीन तास बोलतो, मग त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा कापून गावभर फिरवतो. याला धोरण म्हणायचं की भंपकपणा?

भिलाईच्या कारखान्यासाठी 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. त्या वेळी विशीत कामाला लागलेली माणसं आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांतली बरीच गेली. नागपूर-विदर्भातून ट्रंक घेऊन आलेले आमचे मराठी लोकही त्यांत होते. जांभळ्या दिव्यांचा खर्च वाचवा, एक साधा माइक घ्या, आठवडाभर पोलादावर वाचन करा आणि उरलेल्यांपैकी कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसा. चार तास बसा, सहा तास बसा, मी शेवटच्या मिनिटापर्यंत ऐकेन. विचारा, भट्टी बिघडतेय हे मीटरच्या आधी कशावरून कळायचं? पहिल्या वर्षी कोणती चूक सगळ्यांकडून व्हायची? आणि एखादा रशियन इंजिनियर चुकला, तर ते त्याला तोंडावर सांगायला पहिलं कोण उठलं?