वर्तमानपत्राचे एकच पान

वाचकहो, घरातील ज्येष्ठ व्यक्तीची प्रकृती बिघडू लागली आहे, हे सर्वांत आधी कोणाच्या ध्यानात येते? आपण म्हणाल, मुलाच्या, सुनेच्या किंवा डॉक्टरांच्या. माझा अनुभव नेहमीच तसा नाही. घरातील माणसे त्या व्यक्तीला रोज पाहत असतात, म्हणून तिच्यात हळूहळू होणारा बदल त्यांच्या नजरेत भरत नाही. आणि डॉक्टर तिला दोन महिन्यांतून एकदा, फार तर दहा मिनिटे पाहतात. मांडवगण फराटा परिसरातील एका आजोबांच्या बाबतीत हा बदल प्रथम ओळखला तो वाचनालयाच्या ग्रंथपालाने.

या आजोबांना आपण आप्पा म्हणू. वय शहात्तर. उसाची शेती, पत्नी चार वर्षांपूर्वी निवर्तलेली, मुलगा, सून आणि नातवंडे वस्तीवर सोबत. सकाळी नऊच्या सुमारास वाचनालयात यावे, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचावे, कांद्याचा बाजारभाव मोठ्याने सर्वांना ऐकवावा आणि त्यावरून कोणाशी तरी वाद घालावा, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. एके दिवशी स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या नेण्यास आलेला ग्रंथपाल जाता जाता मला म्हणाला, "डॉक्टर, आप्पा हल्ली पेपर वाचत नाहीत, नुसता धरून बसतात. अर्धा अर्धा तास एकच पान. काल कोणीतरी कांद्याचा भाव विचारला, तर नुसते हसले."

हे ऐकून मी ओशाळलो. कारण दहाच दिवसांपूर्वी आप्पा माझ्याकडे येऊन गेले होते. मुलगा म्हणाला होता, "वयानुसार विसरायला लागलेत." रक्तदाब ठीक होता, साखर ठीक होती, मीही मान डोलावली आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. त्या दिवशी मात्र निरोप पाठवून आप्पांना पुन्हा बोलावून घेतले व सावकाश चौकशी केली. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी गोठ्यात पाय घसरून त्यांचे डोके खांबावर आपटले होते. जखम झाली नव्हती, म्हणून ते कोणालाच सांगण्याजोगे वाटले नव्हते. हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. चालताना डावा पाय किंचित ओढला जात होता. पुण्याला पाठवून डोक्याचे सीटी स्कॅन केले, तेव्हा कवटी आणि मेंदू यांच्या दरम्यान रक्त साचलेले आढळले. कवटीला छिद्र पाडून ते काढण्यात आले.

हा विकार आपण नीट समजून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. वाढत्या वयात मेंदूचे आकारमान थोडे कमी होते आणि मेंदूपासून त्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. अशा वेळी लहानसा मारही एखादी शीर तुटण्यास पुरेसा होतो. रक्त थेंबाथेंबाने साचत राहते आणि लक्षणे दिसू लागतात ती कित्येक आठवड्यांनी, जेव्हा पडल्याचा सर्वांनाच विसर पडलेला असतो. डोकेदुखी, दिवसाही गुंगी, बोलण्यातील संथपणा, एका बाजूच्या हातापायातील अशक्तपणा, चालताना जाणारा तोल, गोंधळलेपणा यांपैकी काहीही नव्याने दिसले, तर "मागील दोन-तीन महिन्यांत पडला होतात का?" हा प्रश्न घरच्यांनी स्वतःच विचारावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत तर मुळीच थांबू नये. मात्र त्या गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नयेत. "वय झाले" हे काही रोगाचे नाव नव्हे. हे मी आपल्याला सांगत असलो, तरी त्या दहा दिवसांत मी स्वतःच ते विसरलो होतो.

आता वाचनालयाकडे वळू. आरोग्याच्या पाक्षिकात वाचनालयाचे काय काम, असे कोणास वाटेल. आपल्याकडे वाचनालयाचा विचार बहुधा विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षा यांच्यापुरताच होतो. परंतु कामाच्या दिवशी सकाळी कोणत्याही गावच्या वृत्तपत्र विभागात डोकावून पाहा. खुर्च्यांवर साठीच्या पुढचीच मंडळी अधिक दिसतील. त्यांना तेथे बसण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, कोणाचे पाहुणे व्हावे लागत नाही, आजारी असावे लागत नाही. देवळाचा पार हीसुद्धा अशीच जागा खरी. पण पारावर बोलण्यासारखे काही नसेल, तर माणूस अवघडतो. वाचनालयात हाती कागद असल्यामुळे गप्प बसणेही शोभते. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी आप्पांना हेच हवे होते, असे ते मला पुढे म्हणाले.

वाचनाने स्मृतिभ्रंश टळतो, असे छातीठोकपणे मी म्हणणार नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा सुमारे पाच वर्षे पाठपुरावा करून २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरील खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु वाचनामुळे मेंदू टिकला, की मेंदू टिकून असल्यामुळे वाचन चालू राहिले, हे अशा अभ्यासातून पूर्णपणे उलगडत नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशास हातभार लावणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या चौदा गोष्टी सांगितल्या. त्यांत एकाकीपणा आहे, कमी ऐकू येणे आहे आणि उपचार न केलेले दृष्टिदोषही आहेत. वाचनालयात नियमित जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी लवकर उघड होतात. घरात दूरदर्शनसमोर बसलेल्याच्या बाबतीत त्या वर्षानुवर्षे झाकून राहतात. आवाज वाढवला की भागते!

तेव्हा आपल्या घरातील आजोबांनी किंवा आजींनी वाचन सोडले असेल, तर त्यांचा रस संपला असे गृहीत धरू नका. आधी चष्मा तपासा. जवळचा चष्मा पाच-सहा वर्षांपूर्वीचा असेल, तर तो बहुधा निरुपयोगी झालेला असतो. मग मोतीबिंदू. मधुमेह असल्यास डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासायलाच हवा. आणि उजेड. विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, हे कित्येकांना ठाऊक नसते. म्हणून तरुण कार्यकर्त्याला पुरेसा वाटणारा छतावरचा एकच दिवा ज्येष्ठांसाठी अंधारच असतो. खांद्यामागून पडणारा उजेड, हाताची खुर्ची, जिन्याला कठडा आणि जवळपास स्वच्छतागृह एवढे असेल, तर वाचनालय ज्येष्ठांच्या उपयोगाचे होते. पहिल्या मजल्यावरचे आणि कठड्याविना जिना असलेले वाचनालय मी गुडघेदुखीच्या रुग्णाला सुचवू शकत नाही.

या साऱ्या गोष्टींना पैसा लागतो, आणि तेथेच घोडे अडते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. कर्नाटकाप्रमाणे आपल्या कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा उपकर नाही. गावोगावच्या संस्था ग्रंथालये चालवतात आणि शासन त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार अनुदान देते. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तेव्हा ड वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपयांवर गेले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि ग्रंथपालाचे मानधन! ज्या माणसाच्या नजरेमुळे आप्पा वेळेत पुण्याला पोचले, तो अशाच व्यवस्थेतला माणूस आहे. आपण वाढदिवसाला, वर्षश्राद्धाला काही देणगी देत असाल, तर गावच्या वाचनालयाला एक चांगला दिवा किंवा दोन हाताच्या खुर्च्या द्याव्यात, असे मी सुचवेन. फलकावर नाव येईलच.

आणखी एक गोष्ट मला खटकते. मघाशी मी साठीच्या पुढची मंडळी म्हणालो, ती जवळजवळ सारी पुरुष मंडळी असतात. आजी तेथे दिसत नाहीत. काहींना शाळाच लाभली नाही. ज्यांना लाभली त्यांना चारचौघांत पेपर घेऊन बसण्याचा संकोच वाटतो. त्यातच घोड आणि भीमा यांच्यामधल्या आपल्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या भीतीने दिवस मावळण्यापूर्वीच वस्त्यांची दारे बंद होतात. संध्याकाळी उघडणाऱ्या वाचनालयाचा वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसाला उपयोग शून्य. अशा ठिकाणी पुस्तकानेच घरी जायला हवे. ही कल्पना नवी नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी तज्ज्ञाला बोलावून आपल्या संस्थानात ग्रंथालयांची रचना उभारली, त्यात पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव पाठवण्याची सोय होती. आपल्याकडे शाळेत जाणारी नात हीच ती पेटी होऊ शकते. आठवड्याला एक पुस्तक आजीसाठी आणावे आणि आजीला वाचता येत नसेल, तर रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकताना आजी मध्येच प्रश्न विचारते का, कालचे आठवते का, डावीकडून बोललेले तिला ऐकू येते का, हे नातीला आपोआप कळत जाईल. ते तिने आई-वडिलांना सांगावे.

ग्रंथपाल बंधु-भगिनींनाही एक विनंती. आपल्या हजेरीपटावरील एखादे नेहमीचे ज्येष्ठ नाव सलग तीन-चार दिवस दिसले नाही, किंवा माणूस येतो पण पूर्वीसारखा राहिला नाही असे वाटले, तर त्याच्या घरी एक फोन करावा. त्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही. निदान करणे आमचे काम. "नेहमीसारखे नाही" एवढे आपण सांगितले, तरी आमचे अर्धे काम होते. आणि घरच्यांनीही असा फोन आला तर तो लुडबुड समजू नये.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात आप्पा मुलाच्या मोटारसायकलवरून वाचनालयात आले. आता ते पुन्हा भाव सांगतात, पण वर्तमानपत्र पूर्वीपेक्षा लांब धरतात आणि छापखान्यावर चिडतात, की अक्षरे मुद्दाम बारीक केली आहेत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. पुढच्या महिन्यातील तारीख मिळाली आहे. ऊस तुटून गेल्याशिवाय जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मी आणि ग्रंथपाल दोघेही मागे लागलो आहोत.