साखरेला एक न्याय, औषधाला दुसरा?

"माल तयार झाला की नमुना लॅबमध्ये जातो, पास झाला की झालं. मध्ये डोकावायला महागडं यंत्र कशाला?" औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या मंडळींकडून हे मी अनेकदा ऐकले आहे. मला ते मुळीच पटत नाही.

आमच्या नळदुर्ग-सोलापूर भागात साखर कारखाने आहेत. तिथला पॅनमन पाक शिजत असतानाच पॅनमधला नमुना काचेवर घेतो, उजेडात धरतो, दाणा कसा धरतोय ते बघतो आणि त्याप्रमाणे पुढचे ठरवतो. पोती भरल्यावर दाणा बघून काय करणार?

औषधाचाही दाणाच असतो हो! द्रावण थंड करत स्फटिक पाडतात. रेणू तोच, पण त्यांची मांडणी बदलली की स्फटिक वेगळा, आणि मग पोटात विरघळण्यातही फरक पडतो. एड्सवरचे रिटोनाविर 1996 मध्ये अमेरिकेत बाजारात आले. 1998 मध्ये त्याचा आधी कुणाला ठाऊक नसलेला, कमी विरघळणारा स्फटिक निघाला आणि कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या. शेवटच्या चाचणीने ते पकडले, हे कबूल. पण तोवर कॅप्सूल वाया गेल्या होत्या, आणि रोग्यांच्या नशिबी बेचव पातळ औषध आले.

यावर उपाय आहे. भांड्यातच प्रोब बसवून लेझरचा प्रकाश सोडायचा. विखुरलेल्या प्रकाशावरून कोणता स्फटिक पडतोय ते चालू कामातच पडद्यावर दिसते, नको तो दिसला तर थंड करण्याचा वेग तिथेच बदलता येतो. हाच तो रामन परिणाम, 1928 साली कलकत्त्यात सापडलेला. दर 28 फेब्रुवारीला आपण शाळाशाळांतून रामन यांच्या फोटोला हार घालतो (मीही पुष्कळ घातले), आणि कारखान्यात त्यांचा प्रकाश मात्र महाग! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये अशा तपासणीसाठी मार्गदर्शिका काढली, पण तीही सक्तीची नव्हे. असो.

प्रत्येक गोळीसाठी यंत्र बसवा असे मी म्हणत नाही. ज्या औषधाचे एकाहून अधिक स्फटिक ठाऊक आहेत आणि त्यामुळे विरघळणे बदलते, तिथे तरी सक्ती हवी. लहान कारखान्यांना परवडत नसेल तर सरकारने कर्ज द्यावे, साखर कारखान्यांना देतेच की! आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने त्यांच्या माणसांना हे यंत्र हाताळायला शिकवावे.